डाग

यादीत सतरा कलमं होती. मुलानं ती ऑफिसात बसून टाईप केली होती आणि वर शीर्षक घातलं होतं, ‘मूळ स्वरूप’. दिल्लीच्या करोलबागेत नाईवाला भागातल्या एका गल्लीच्या तोंडाशी उस्तादांचं गॅरेज आहे. तिथं तो पोचला तेव्हा एका हातात ही यादी होती, दुसऱ्या हातात हेल्मेट. हेल्मेट ठेवायला कुठं जागाच नव्हती. भिंतीवर सायलेन्सर टांगलेले, जमिनीवर उघडी इंजिनं, बाकावर नट-बोल्टांचे डबे. या गल्ल्यांमध्ये बुलेटचा नुसता सांगाडा आणून सोडला तरी तिला हवं ते रूप देणारे कारागीर आहेत. हँडल उंच हवंय, मिळेल. आवाज मोठा हवाय, तोही मिळेल. मुलाला मात्र यातलं काहीच नको होतं. त्याला वडिलांची राजदूत कारखान्यातून निघाली तशी हवी होती.

गाडी 1974 ची, पावणेदोनशे सी.सी.ची, टू-स्ट्रोक. इथून जेमतेम तासाभरावर, फरिदाबादला एस्कॉर्ट्सच्या कारखान्यात जन्मलेली. आदल्याच वर्षी ‘बॉबी’ आला होता आणि त्यातल्या छोट्या राजदूतनं पोरांना वेड लावलं होतं. पण ही थोरली राजदूत वेड लावणाऱ्यांतली नव्हती. ती दूधवाल्यांची, शेतकऱ्यांची, ओझं वाहणारी. आणि मूळ स्वरूपाचाच आग्रह धरायचा, तर हेही सांगायला हवं की तिचा आराखडा पोलंडच्या एस.एच.एल. एम-11 या गाडीचा. परवान्यावर इथं आली आणि इथल्या रस्त्यांची होऊन गेली.

पहिला मालक गुडगावकडच्या खेड्यातला दूधवाला. कॅन अडकवण्यासाठी त्यानं मागं दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या बसवून घेतल्या होत्या. त्याच्याकडून 1981 साली ती तात्यांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी घेतली.

तात्या विट्याजवळच्या खेड्यातले. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. सोन्याचा बाजार असलेल्या कुठल्याही शहरात मागच्या बोळात बघा, भट्टीपाशी सांगलीकडचं कुणीतरी सापडेल. 1972 च्या दुष्काळात तात्या सोळा वर्षांचे होते. ते थेट करोलबागेत उतरले आणि मुशीपुढे बसले, ते चाळीस वर्षांनी उठले. लोकांचे मोडीत निघालेले दागिने वितळवायचे, तेजाबात घालून चांदी-तांबं वेगळं काढायचं आणि मागं उरलेलं निखळ सोनं लगड करून परत द्यायचं, हे त्यांचं काम. छातीत धूर गेला, बोटांना पिवळे डाग पडले. पण एक गुंजही कधी कुणाची इकडची तिकडे झाली नाही.

गाडी बरीच वर्षं जिन्याखाली उभी होती. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी कायम केली आणि तिचं बाहेर निघणंच संपलं. मग 2021 च्या जुलैत केंद्राचे नवे नियम आले. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या वापराला ती चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. आणि मुख्य अट ही, की गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या चॅसीत, बॉडीत, इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. राज्याची समिती ते तपासून बघते.

2024 मध्ये राजदूतला पन्नास पूर्ण झाली आणि मुलगा कामाला लागला. गुरुग्रामजवळ तावडूला हेरिटेज ट्रान्स्पोर्ट म्युझियम आहे. तिथं जाऊन त्यानं जुन्या दुचाकी डोळे भरून पाहिल्या. चकचकीत, एक ओरखडा नसलेल्या. आपली राजदूत त्यांच्या शेजारी शोभली पाहिजे, असं त्याला मनापासून वाटलं. त्याच्या या वाटण्यात खोट काढता येणार नाही. बापाच्या वस्तूचा मान राखायचा म्हणजे ती पहिल्या दिवसासारखी करायची, असंच बहुतेक मुलांना वाटतं.

उस्तादांनी चष्मा वर करून यादी वाचली. कड्या कापणे. टाकी बदलणे. सीट बदलणे. रंग लाल, नमुना सोबत.

“टाकी क्यों?” त्यांनी विचारलं.

मुलानं टाकीच्या पोटाखाली बोट लावलं. तिथं दोन बोटं रुंदीचा पितळी पत्रा जोडलेला होता, वरून रंगवलेला. “ये ओरिजिनल नहीं है.”

“और जो तू लाएगा, वो?” उस्ताद शांतपणे म्हणाले. “पिछले महीने बनी होगी, बेटा.”

मुलगा तरीही समोरच्या दुकानातून नवी टाकी घेऊन आला. तिच्यावर जुन्यासारखा छाप होता, आकार हुबेहूब होता आणि आत हात घातला तर पत्र्याला अजून यंत्राचं तेल लागलेलं होतं. उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी जुनी टाकी उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मुलाच्या हाती दिली. “घर ले जा. कबाड़ में देना हो तो तू दे. मैं नहीं दूँगा.”

त्या रात्री टाकी जेवणाच्या टेबलावर होती. तात्यांनी कागद सोडला.

“ह्यो पत्रा कुनी बसवला, ठावं हाय?”

“तुम्हीच की. लहानपणी मला पुढं टाकीवर बसवायचात, तेव्हा खाली पाय लोंबकळले की पोटरीला टोचायचा.”

“आन् कशानं बसवला?”

मुलाला माहीत नव्हतं. तात्या उठले. त्यांच्या पेटीत अजून एक बारीक कानस आहे आणि बुचाची काचेची कुपी आहे. त्यांनी पत्र्याच्या कडेला, जिथं जोड होता तिथला रंग खरवडला, कानशीनं चिमूटभर भुकटी पाडली आणि ती चिनी मातीच्या बशीत घेतली. वर तेजाबाचा थेंब टाकला. थेंब फसफसला, निळसर झाला.

“निळं झालं ते तांबं,” तात्या म्हणाले. “आता मीठ दे.”

मिठाचे दोन खडे पडले आणि बशीतला थेंब दुधासारखा पांढराफट्ट झाला.

“चांदी,” मुलगा म्हणाला. इतकी वर्षं गलाईवाल्याच्या घरात राहून एवढं त्यालाही कळत होतं. “टाकीला चांदीचा डाग दिलात तुम्ही?”

“त्र्याऐंशीचा पावसाळा. पहाडगंजला गणपतीचा कार्यक्रम हुता, तिकडं निघालो. टाकी गळाय लागली, तुझ्या आईचं लुगडं पेट्रोलनं भिजलं. तिथनं ती चालत घरी आली. म्हणली, ह्या गाडीवर मी परत बसनार न्हाई.” तात्या थांबले. “डाग द्यायचा तर चांदी पायजे. दुकानात चांदी पडलेली, पन ती गिऱ्हाइकाची. तिला हात कसा लावायचा? रातच्याला तिनंच पायातलं झिजलेलं जोडवं काढून दिलं. म्हणली, ह्ये घाला, पन वास थांबवा. मग टाकीत गळ्यापतूर पानी भरलं, न्हाईतर आतली वाफ पेटती. सवागी लावली, फुंकनीनं फुंकलं. त्या दिसापास्नं गळली न्हाई.”

मुलाची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तिचे दागिने कपाटात होते, प्रत्येकाची चिठ्ठी लिहिलेली. या एकाची चिठ्ठी कुणी लिहिली नव्हती.

मराठीत डाग म्हणजे ठपका, डाग म्हणजे भांड्याला दिलेला जोड आणि डाग म्हणजे अंगावरचा दागिनाही. एकाच शब्दात आपल्या पूर्वजांनी हे तिन्ही अर्थ का ठेवले असतील, याचा विचार मी पुष्कळदा करते. त्या रात्री टेबलावर ते तिन्ही त्या दोन बोटं रुंद पत्र्यात होते.

“आयुष्यभर म्या मूळ सोनंच काढलं,” तात्या म्हणाले. “पाटल्या यायच्या, बुगड्या यायच्या. एखाद्या पाटलीवर लेकराच्या दाताचं वळ असायचं. मुशीत घातलं की समदं सारखं. बावनकशी लगड हातात यायची. पन दागिना देताना डोळं न पुसलेली बाई म्या बघितली न्हाई, आन् लगड बघून रडलेली बी बघितली न्हाई.” मग त्यांनी टाकी मुलापुढे सरकवली. “गाडी तुझी हाय. टाकायचं ते टाक. पन काय टाकतोस ते आधी बघ.”

हा वाद एकट्या करोलबागेतला नाही. जुन्या वाहनांचा ‘फिवा’ नावाचा आंतरराष्ट्रीय महासंघ आहे. त्यानं 2012 साली ट्युरिनची सनद स्वीकारली. नवं करण्याआधी आहे ते जपा, असा तिचा कल आहे; आणि नेहमीच्या वापराच्या काळात गाडीत जे बदल झाले, ते तिच्या इतिहासाचे साक्षीदार म्हणून राखावेत, असंही तिच्यात सांगितलं आहे. मला हे पटतं. मात्र याचा अर्थ आज कुणीही उठून जुन्या गाडीची चॅसी कापावी आणि त्याला आपली छाप म्हणावं, असा नाही. तात्यांनी गळती थांबवण्यासाठी पत्रा लावला, दूधवाल्यानं पोट भरण्यासाठी कडी लावली. गरजेनं केलेली खूण आणि मिरवण्यासाठी केलेली खूण यांत फरक आहे. तो हाताला कळतो, कागदावर लिहिताना निसटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांचाच फोन आला. कड्या कापायच्या आधी येऊन जा, काही दाखवायचं आहे.

मुलगा गेला. उस्ताद पाट घेऊन गाडीच्या मागच्या चाकापाशी बसले होते. त्यांनी कापणी यंत्राला हात लावला नव्हता. कडी वेल्डिंगची नव्हतीच; इतक्या वर्षांच्या चिखलाखाली आणि रंगाखाली दोन नट दडले होते. कडीचा लोखंडी पट्टा सांगाड्याला वळसा घालून बाजूच्या डब्याच्या पत्र्यावर आवळलेला होता. दूधवाल्यानं चॅसीला भोकसुद्धा पाडलं नव्हतं.

“इधर बैठ,” उस्ताद म्हणाले आणि त्यांनी पट्टा सोडवला.

पट्ट्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा निघाला, नीट कापून अंथरलेला. लोखंडानं रंग खरवडू नये म्हणून. ट्यूब पत्र्याला चिकटून कडक झाली होती. उस्तादांनी रॉकेलचा बोळा फिरवत ती हळूहळू सोडवली. खाली तळहाताएवढा चौकोन होता. त्यावर ना ऊन पडलं होतं, ना पाऊस, ना तात्यांनी नंतर दोनदा दिलेला रंग. फरिदाबादहून निघाला तसा, विटकरीकडे झुकणारा गडद तांबडा.

मुलानं खिशातून आपला नमुना काढून शेजारी धरला. फोटोवरून ठरवलेला लाल. दोन्ही रंग एकमेकांचे कुणी लागत नव्हते.

“पूरी गाड़ी में कंपनी का रंग बस यहीं बचा है,” उस्ताद म्हणाले. “दूधवाले ने बचाया.”

मुलगा बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिला. यादीतलं पहिलं कलम कड्या कापण्याचं होतं. कापणी यंत्राची ठिणगी उडाली असती तर ट्यूब जळाली असती आणि तिच्याबरोबर हाही.

पुढं दीड महिना काम चाललं. इंजिन उघडलं, क्रँकचे बेअरिंग बदलले, नवी वायरिंग जुन्या वायरींच्या वाटेनंच नेली. नव्या रंगाची छटा त्या चौकोनावरून जुळवली. चौकोन मात्र तसाच ठेवला, त्यावर नवा हात मारला नाही. जुनी टाकी आतून धुऊन परत बसली. पितळी पत्र्यावर रंग द्यायचा की नाही, हे उस्तादांनी विचारलं. मुलानं तात्यांना फोन केला. तात्या म्हणाले, पूर्वी रंग होता, आताही दे. तिला दिखावा आवडायचा नाही. नवी टाकी दुकानदारानं परत घेतली नाही. ती घराच्या माळ्यावर आहे.

नोंदणीच्या अर्जासोबत मुलानं एक पान जोडलं. त्यात लिहिलं, चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ आहेत. कड्या पहिल्या मालकाच्या, नटांवर बसवलेल्या, सोडवता येणाऱ्या. टाकीचा जोड 1983 चा. कुणाचा, कशानं, हेही त्यानं आधी लिहिलं होतं. मग ती ओळ खोडली. ती सरकारला सांगायची गोष्ट नव्हती.

गाडी न्यायच्या दिवशी तात्याही आले. रिक्षातून उतरून त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून टाकीखाली बोटं घातली आणि जोड चाचपला. मग मागं जाऊन कडी हलवून पाहिली. घट्ट होती. खाली ट्यूबचा नवा तुकडा होता, जुन्याच मापाचा.

“ह्या कडीत मी पिशवी अडकवायचो,” ते म्हणाले. “भाजीची. कदी तुझं दप्तर. दूधवाला कॅन लावायचा.” मग मुलाकडं बघून, “तुझं काय?”

मुलाला उत्तर सुचलं नाही. उस्तादांनी किक मारायची खूण केली. पेट्रोलचा नळ सोडायला, चोक लावायला दोन्ही हात हवे होते, आणि दीड महिना या गॅरेजात येताना दर वेळी पडायचा तोच प्रश्न पुन्हा पडला, की हातातलं हेल्मेट ठेवायचं कुठं. त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि वाकून ते कडीत अडकवलं.