दोष कोणाचा?



कुणाला मधुमेह झाल्याचे कळले की आपण सहज म्हणतो, 'जिभेवर ताबा नको का?' खादाडपणा सात प्रमुख पापांपैकी एक, हे आपण धर्मशिक्षणात शिकलो. त्यामुळे पोट सुटलेला माणूस आपल्याला अर्धा पापीच वाटतो. कमरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि रक्तातील चरबी अशी दुखणी एकत्र वाढली की डॉक्टर त्यांना मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. पण हा सारा जिभेचाच अपराध काय?

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रिया व त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो; इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. स्नायू फारच कमी, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. पुढे २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२!

म्हणजे ज्याने अजून एक घासही खाल्लेला नाही, त्याच्या अंगात या दुखण्याची थोडी तयारी आधीच झालेली असू शकते.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, पाप याचे की आईबापांचे? तोच प्रश्न आता आपल्या तोंडी येईल आणि बोट आईकडे वळेल. (बापाकडे ते क्वचितच वळते.) पण त्याच खेड्यांत आढळले, की गरोदरपणी अधिक कष्ट उपसणाऱ्या मातांची बाळे लहान होती, पालेभाजी व फळे वारंवार खाणाऱ्यांची मोठी. तिच्या डोक्यावरचा हंडा कोणी उतरवायचा, शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या ताटात काय उरायचे, हे ती एकटी ठरवते का? सासू ठरवते, नवरा ठरवतो, घरची मिळकत ठरवते.

मधुमेह झालेल्याने पथ्य सोडावे, असे मी म्हणत नाही. मोजून खाणे, रोज चालणे हे त्याचेच काम, आणि त्याने साखर आटोक्यात राहायला मदत होते. पण काहींना ते इतरांपेक्षा जड जाते. लग्नाच्या पंगतीत 'एकाने काय होते' म्हणत त्याच्या पानात लाडू वाढणारे आपणच असतो, आणि नंतर नावे ठेवणारेही आपणच.