उजेडाला धरलेली नोट

मी बँकेत कॅश सांभाळतो. पाचशेची नोट आली की ती उजेडाला धरायची, पांढऱ्या जागेत गांधीजी दिसले की खणात टाकायची. गेली वीस वर्षे मी हेच करतो. त्याला नोकरी म्हणतात. शास्त्रज्ञही हेच करतात. त्याला संशोधन म्हणतात.

म्हणजे असे : दूरच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह सरकतो. ग्रह दिसत नाही, फक्त ताऱ्याचा उजेड किंचित घटतो. त्यातला थोडा उजेड ग्रहाभोवतालच्या हवेतून गाळून आपल्याकडे येतो. हवेतला प्रत्येक वायू आपल्या आवडीच्या लहरी गिळतो. कोणत्या लहरी कमी भरल्या ते पाहायचे आणि कोणी गिळल्या ते ओळखायचे. थोडक्यात, कॅश शॉर्ट आली की चोर शोधायचा!

के2-18बी हा असाच एक ग्रह, 124 प्रकाशवर्षे दूर. जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून 2023 साली तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड असल्याचे जाहीर झाले. एप्रिल 2025 मध्ये केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि त्यांचे सहकारी म्हणाले, तिथे डायमिथाइल सल्फाइडसारखा वायू असावा. पृथ्वीवर तो मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांमुळे तयार होतो. निव्वळ योगायोगाने असे आकडे येण्याची शक्यता हजारात तीन. मी मनातल्या मनात तिकडे आमची शाखासुद्धा उघडली! पण त्यांनीच सांगितले, एवढा पुरावा पुरत नाही. पुढे इतरांनी तेच आकडे तपासले आणि म्हटले, जीवसृष्टी राहू द्या, हा वायू आहे असेही ठामपणे म्हणता येत नाही.

हे वाचले आणि माझा चहा निवला.

एकदा माझी कॅश दोन हजारांनी कमी भरली होती. त्याच आठवड्यात आमच्या शिपाईमामांनी नवे बूट घेतले होते. मी आरोप वगैरे केला नाही हो! चारचौघांत एवढेच म्हणालो, "मामा, बूट झकास आहेत. केवढ्याला पडले?" सगळ्यांना कळले. मामांनाही कळले.

तिसऱ्या दिवशी एक पेन्शनर आजोबा, माझ्याच हातून जादा गेलेले दोन हजार परत करून गेले.

जिथे आपण कधी जाणार नाही, तिथल्या न पाहिलेल्या जिवांविषयी माणसे हजारात तीनच्या शंकेपायी जीभ आवरतात. मग चार हातांवरच्या माणसाविषयी बोलायला मला किती पुरावा लागावा? मला एक जोडी बूट पुरले. नोट मी दोनदा उजेडाला धरतो. मामांना एकदाही धरले नाही.

कॅश टॅली झाली. मामा पूर्वीसारखाच चहा आणून देतात. ते बूट मात्र त्यांनी बँकेत पुन्हा कधी घातले नाहीत.