आग लागते, अग्नी देतात

शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत एक ओळ हमखास सापडते: अग्नी म्हणजे आग, विस्तव, अनल, पावक, वन्ही. विद्यार्थी ती पाठ करतो, गुण मिळवतो आणि एक चुकीची समजूतही सोबत घेऊन जातो. हे सगळे शब्द एकाच वस्तूची नावे आहेत, हवे ते उचलावे, अशी ती समजूत. मराठी माणसाचे रोजचे बोलणे मात्र याच्या नेमके उलट सांगते. रोजच्या वापरात टिकून राहिलेले शब्द क्वचितच खरे समानार्थी असतात. प्रत्येकाने आपापली जागा धरलेली असते, आणि ती जागा ओळखणे हेच शब्द येणे होय.

सर्वांत ठळक पुरावा आग आणि अग्नी या जोडीचा आहे. व्युत्पत्तीने हे दोन शब्द मुळात एकच. संस्कृत ‘अग्नि’ प्राकृतात ‘अग्गि’ झाला आणि तिथून मराठीत ‘आग’ आली. पुढे मूळ संस्कृत रूपही मराठीने पुन्हा जवळ केले. तरीही दोघांनी कामे वाटून घेतली आहेत. घराला आग लागते, अग्नी लागत नाही. चितेला अग्नी देतात. तिथे ‘आग लावली’ म्हटले तर तो विधी राहत नाही, गुन्हा होतो. त्या विधीतही मंत्राग्नी वेगळा आणि मंत्रांवाचूनचा भडाग्नी वेगळा. विवाहाला साक्षी असतो तो अग्नी. दोन कुटुंबांत भांडण पेटवणारा लावतो ती आग. डोळ्यांची होते ती आग, तळपायातून मस्तकात जाते तीही आगच. पण अन्न पचवणारा मात्र जठराग्नी. आवरलेल्या, मान दिलेल्या ज्वलनाला अग्नी म्हणायचे आणि आवाक्याबाहेर गेलेल्याला आग, असा हा भेद आहे. यावर कोणी म्हणेल, अग्निशमन दल आणि अग्निसुरक्षा यांत कुठले पावित्र्य? आक्षेप रास्त आहे. सरकारी परिभाषा समास घडवताना संस्कृत रूपच घेते. पण ते दल धावते ते आग विझवायला, आणि रस्त्यावरचा माणूस त्याच्या गाडीला आगीचा बंबच म्हणतो. समासाबाहेर पडताच दोन्ही शब्द आपापल्या जागी परततात.

स्वयंपाकघराने तर याहून बारीक वाटणी केली. चुलीत असतो तो विस्तव, त्याची वर चढणारी ज्योत म्हणजे जाळ, ज्योत ओसरल्यावर उरतो तो निखारा किंवा इंगळ, आणि ऊन राखेचा फुफाटा. भाकरी आधी तव्यावर भाजायची आणि मग निखाऱ्यावर शेकायची. तिथे जाळ उपयोगाचा नाही. उष्णतेचेही तसेच आहे. पदार्थाला आच द्यायची, जवळ बसले की धग लागते, दुरून येते ती झळ, आणि सुखावते ती ऊब. म्हणून महागाईची झळ बसते, आच नव्हे. आणि मायेची ऊब मिळते, धग नव्हे. आगीतून फुफाट्यात पडणे या म्हणीचा जोर कळायला फुफाटा ठाऊक असावा लागतो. वरवर विझलेला दिसतो आणि पाय भाजतो, तो फुफाटा. वैर असलेल्या दोघांमधून जात नाही तो विस्तवच; तिथे अनल किंवा पावक बसवला तर वाक्य हास्यास्पद होते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप अमरकोशाचा. अमरसिंहाने अग्नीची तीसहून अधिक नावे एका ओळीने दिली. पर्याय परस्परांच्या जागी चालत नसते तर हा खटाटोप कशाला? कवीला वृत्तात लघु-गुरू जमवायचे असतात, त्याला शब्दांचा साठा लागतो, हे खरेच. पण ती नावे उलगडून पाहावीत. वायुसख म्हणजे वाऱ्याचा मित्र, कृष्णवर्त्मा म्हणजे मागे काळी वाट ठेवणारा, आश्रयाश म्हणजे आपल्याच आश्रयाला खाणारा, हव्यवाहन म्हणजे आहुती वाहून नेणारा. प्रत्येक नाव अग्नीची एकेक करणी सांगते. कोशाने ती एकत्र ठेवली, एक केली नाहीत. वापराने झिजून वर्णन विसरले गेले, तेव्हा ती निव्वळ पर्यायी नावे झाली. आणि अशी झालेली बहुतेक नावे मराठी बोलण्यात उतरलीच नाहीत.

उजेडाच्या शब्दांत आणखी एक भेद दिसतो, तो सुराचा. खिडकीतून उजेड येतो, विषयावर प्रकाश टाकतात, चेहऱ्यावर तेज असते, सोन्याला झळाळी येते. पुस्तक प्रकाशित होते, लपवलेले प्रकरण उजेडात येते. व्यासपीठावर दीपप्रज्वलन होते, देवापुढे दिवा लावतात, आणि नापास मुलाला ‘काय दिवे लावलेस’ किंवा ‘काय उजेड पाडलास’ असे विचारतात. हा उपरोध घरगुती शब्दांनाच पेलतो. ‘काय दीपप्रज्वलन केलेस’ म्हटले तर टोमणा बोथट होतो. विझवणे आणि मालवणे यांतही असेच अंतर आहे. आग विझवायची असते, दिवा मालवायचा असतो. क्रिया एकच, पण दिव्याबाबत अशुभाची शंका नको म्हणून भाषेने हळुवार क्रियापद राखून ठेवले.

आता गॅसची शेगडी आली, ‘जाळ कमी कर’च्या जागी ‘गॅस बारीक कर’ आले. मग हे भेद जपण्याचा हट्ट का, असा प्रश्न उरतो. हट्ट नकोच. वस्तू गेली की तिचे नाव मागे पडते, आणि भाषा नवे भेद करते: वीज गेली की ‘लाइट गेली’, पण दिवा घालवायचा तर ‘लाइट बंद कर’. मात्र शब्द मागे पडणे वेगळे आणि जिवंत शब्दांमधली सीमारेषा शिकवण्याने पुसणे वेगळे. मंद आच आजही प्रत्येक पाककृतीत आहे, महागाईची झळ प्रत्येक वर्तमानपत्रात. म्हणून प्रश्नपत्रिकेने ‘समानार्थी शब्द लिहा’ एवढ्यावर न थांबता वाक्य द्यावे आणि त्यात यांपैकी कोणता शब्द बसतो, कोणता बसत नाही आणि का, हे विचारावे. यादी पाठ असणाऱ्याला पहिल्या प्रश्नाचे गुण मिळतील. दुसऱ्याचे उत्तर त्यालाच देता येईल, ज्याला मराठी येते.