बक्षिसीचा रकाना

सेवाशुल्काच्या सक्तीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी दिलेल्या निकालाचा आधार मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावी, एका साध्या लेबनानी खानावळीत, पदवीदानाच्या आठवड्यात घेतला गेला, तो अस्खलित मराठीत घेतला गेला, आणि तो ऐकल्यापासून मला आलेला संताप आठवडा उलटत आला तरी शमलेला नाही.

अशा खानावळी त्या प्रांताला नव्या नाहीत. अ‍ॅन आर्बरपासून तासाभराच्या आत डिअरबॉर्न आहे, जेथे फोर्डच्या रूज कारखान्यातील रोजगारासाठी लेबनॉन-सीरियाकडील कुटुंबे गेल्या शतकाच्या पूर्वार्धात येऊन स्थायिक झाली. त्यांच्या स्वयंपाकघरांतून निघालेले हम्मस, फलाफल, लसणीचा पांढराशुभ्र तूम आणि सुमाक भुरभुरलेले फत्तूश आज थोडक्या पैशांत विद्यार्थ्यांची भूक भागवते. मांसाहार वर्ज्य असलेल्या आपल्या मुलांना तर तेथे मसुराचे सूप मिळते, आणि मसूर-तांदूळ एकत्र शिजवून वर खरपूस तळलेला कांदा घातलेली मुजद्दरा मिळते, जी आपल्या खिचडीची सख्खी बहीण शोभावी.

शेजारच्या मेजावर आपल्याकडचे एक सुखवस्तू कुटुंब बसले होते. मुलाच्या पदवीदानासाठी आईवडील सातासमुद्रांपलीकडून आलेले. वाढणारी मुलगी वयाने त्यांच्या मुलाएवढीच, बहुधा त्याच विद्यापीठातली. तिने त्यांच्याबरोबरच्या आजीबाईंसाठी पुनःपुन्हा गरम पाणी आणले, कोशिंबिरीतला कांदा काढवून दिला, पिटाची टोपली रिकामी होताच न मागता भरली; आणि या साऱ्या वेळात गृहस्थांनी एकदाही मान वर करून तिच्या मुखाकडे पाहिले नाही. (मागणी सांगताना समोरच्या माणसाकडे न पाहणे या दुर्गुणाविषयी मी या स्तंभात अनेकदा लिहिले आहे आणि तो नाहीसा होईपर्यंत लिहीत राहणार आहे.) बिल आले तेव्हा त्यांनी बक्षिसीच्या रकान्यात एक ठसठशीत रेघ ओढली, सही केली, आणि माझी नजर पाहून म्हणाले, “अहो, पगार देणे हे मालकाचे काम. आपल्या हायकोर्टानेसुद्धा तेच सांगितले आहे ना?”

हायकोर्टाने तसे सांगितलेले नाही. बिलात परस्पर रक्कम घालून ती सक्तीने वसूल करू नये, एवढा तो फैसला आहे; स्वेच्छेने देणाऱ्याचा हात त्याने धरलेला नाही. परंतु निकाल बाजूला ठेवू, कारण खरी मखलाशी ‘मालकाचे काम’ या दोन शब्दांत आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बक्षिसीवर काम करणाऱ्यांचे किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवर थिजवून ठेवले आहे. मिशिगन त्याहून उदार, म्हणजे किती, तर २०२५ च्या २१ फेब्रुवारीपासून तेथील सर्वसाधारण किमान वेतन ताशी १२.४८ डॉलर होते, आणि वाढणाऱ्यांचे ४.७४. मधली तूट गिऱ्हाइकांच्या बक्षिसीतून भरून निघेल असे कायद्याने गृहीत धरले आहे. न निघाल्यास मालकाने भरावी असेही कायदा म्हणतो, आणि या कलमावर बोट ठेवून काही हुशार लोक निश्चिंत होतात. पण तो हिशेब एका मेजाचा नसून आठवड्याच्या एकूण मिळकतीचा असतो, त्यामुळे इतर मेजांवरच्या विद्यार्थ्यांनी आपापला वाटा ठेवला असेल तर आमच्या गृहस्थांच्या रेघेपायी मालकाला एक छदामही पदरचा घालावा लागत नाही. मालकाला धडा शिकवावयास निघालेल्या या न्यायप्रिय पुरुषाने मालकाला हम्मसचे, मुजद्दऱ्याचे, लिंबू सरबताचे पुरते पैसे चुकते केले, आणि मालकाच्या अपराधाचा दंड वसूल केला तो त्याच्या नोकराकडून. त्या बक्षिसीला मालकाने हात लावू नये असाही तेथे २०१८ पासून कायदा आहे. म्हणजे त्या रेघेने जे अडले ते केवळ त्या मुलीचे. मालकाच्या अन्यायाची एवढी चीड असेल तर त्याच्या दारात पाऊल टाकू नये, आत बसून त्याच्या गल्ल्यात भर घालू नये. पोट भरेपर्यंत जी तत्त्वनिष्ठा निद्रिस्त असते आणि बिलाचा कागद येताच खडबडून जागी होते, तिला मी लोभ म्हणतो.

डॉलरचा रुपयांत गुणाकार करून कळवळणारे आणि ‘आपल्याकडे अशी रीत नाही’ असे सांगणारे यांच्यासाठी एवढेच की गुणाकार पदार्थ मागवण्याआधी करावा, आणि रीत पाहुण्याने यजमानाची पाळावी.

ही पद्धत सदोष आहे हे मला पूर्णपणे मान्य आहे. मेहनतान्याची जोखीम गिऱ्हाइकाच्या लहरीवर टाकणे न्याय्य नव्हे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा यांसारख्या राज्यांनी तशी मुभा मालकांना ठेवलेलीही नाही. मिशिगनमध्ये तर हा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन विधिमंडळात परतला, आणि वाढणाऱ्यांपैकीच पुष्कळांनी जुनी रीत राहू द्या म्हणून आग्रह धरला. त्यांनी तो आपापसांत मिटवावा. तोवर जेवणाऱ्याचे कर्तव्य संदिग्ध नाही.

त्या मेजावर मागे अर्धा वाडगा हम्मस आणि तुकडे केलेले तीन पिटा उरले होते. पानात टाकण्याविषयीचा माझा कडवेपणा नियमित वाचकांस ठाऊक आहेच. परंतु जितक्या पैशांचे अन्न टाकले, जवळजवळ तितकीच बक्षिसी वाचवली, हा जमाखर्च मात्र मला नवा होता.

उन्हाळ्यात मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावे. पन्नास डॉलरच्या जेवणावर आठ-दहा डॉलर हा तिकडचा दस्तूर आहे. तो जेवणाच्या किमतीतच धरावा. ज्याला तो जड वाटत असेल त्याने मुलाच्या खोलीवर मसुराची खिचडी टाकावी. तीही उत्तम होते, आणि तिच्यात कोणाची मजुरी बुडत नाही.