जुन्या वास्तु आणि बहुमताचा कौल

वास्तूचें मोल ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पूर्वीं राजे, धर्माचार्य आणि फार तर कलामीमांसक यांच्यापुरताच होता. गेल्या पंचवीस वर्षांत तो सर्वांच्या दारांत येऊन उभा राहिला आहे. कोणती इमारत श्रेष्ठ, कोणती वांचवावी, याविषयीं स्पर्धा लावावयाची, लोकांचीं मतें घ्यावयाचीं आणि जिला अधिक मतें पडतील तिच्या गळ्यांत माळ घालावयाची, असा प्रघात देशोदेशीं पडला आहे. लोकशाहीच्या युगांत याला नाक मुरडणें हें पंडिती अहंकाराचें लक्षण समजलें जातें, आणि तो आरोप आम्हांस नको आहे. शहरांतील जुना वाडा पाडला जात असतां शेजाऱ्याला त्याचें कांहींच वाटूं नये, ही स्थिति इतकी सार्वत्रिक आहे कीं, लोकांचें लक्ष त्या वाड्याकडे वळविणारा कोणताहि उपाय सहजासहजीं टाकून देण्याजोगा नाहीं. तरीहि असें मत देणें म्हणजे नक्की काय देणें, हें एकदां नीट तपासून पाहिलें पाहिजे.

या प्रकारांतील सर्वांत गाजलेला प्रसंग सन २००७ चा. बर्नार्ड वेबर नांवाच्या एका स्विस-कॅनेडियन चित्रपटकारानें जगांतील नवीं सात आश्चर्यें लोकमतानें निवडण्याचा संकल्प सोडला होता. शेवटच्या फेरींत एकवीस वास्तु उरल्या. इंटरनेटवरून व टेलिफोनवरून मतें घेण्यांत आलीं, आणि ७ जुलै २००७ रोजीं लिस्बन येथील एका क्रीडांगणावर निकाल जाहीर झाला. चालकांच्या सांगण्याप्रमाणें सुमारें दहा कोटि मतें पडलीं. विजयी सातांत ताजमहाल आला. चीनची भिंत, पेट्रा, माचू पिच्चू, चिचेन इत्सा, रोमचें कोलोसियम आणि रिओ दि जानेरोचा ख्रिस्तपुतळा हे त्याचे सोबती. यांतील ख्रिस्तपुतळा १९३१ सालीं पुरा झालेला, म्हणजे कोलोसियमच्या शेजारीं कालचें पोर; पण मतपेटीला वय कळत नाहीं. इजिप्तनें मात्र पिरॅमिडांना उमेदवार करण्यासच हरकत घेतली, आणि शेवटीं गीझाला स्पर्धेबाहेरचें मानाचें स्थान देऊन तो तंटा मिटविण्यांत आला. इजिप्तचा हा अभिमान आम्हांस पोरकट वाटत नाहीं. साडेचार हजार वर्षें उभ्या असलेल्या वस्तूला आतां निवडणुकीस उभें राहावयास सांगणें यांत कांहीं तरी औचित्यभंग आहे खरा.

आपल्या देशांत त्या दिवसांत ताजला मत द्या असा पुकारा चोहोंकडे चालला होता, आणि मत देणें हें देशभक्तीचें काम समजलें गेलें. टेलिफोनवरून एकाच माणसाला हवीं तितकीं मतें देतां येत होतीं. तेव्हां मतांची संख्या ही माणसांची संख्या नव्हती, हें उघडच आहे. पण तो हिशेबाचा दोष झाला, आणि हिशेब सुधारतां येतो. आमचा आक्षेप निराळा आहे. दोन सुखांपैकीं श्रेष्ठ कोणतें हें ठरविण्यासाठीं मिल्लनें एक कसोटी सांगितली आहे: ज्यांनीं दोन्ही सुखें अनुभविलीं आहेत त्यांचाच निवाडा ग्राह्य. ही कसोटी लावली तर त्या दहा कोटींतून किती मतें उरतील? एकवीस वास्तु राहूं द्या, दोन तरी प्रत्यक्ष पाहिलेले मतदार किती असतील? प्राचीन काळीं सिडोनच्या अँटिपेटर कवीनें सात आश्चर्यांची यादी एका लहानशा कवितेंत गुंफली, तेव्हां आपण तीं डोळ्यांनीं पाहिलीं असल्याचा दावा तरी त्यानें केला होता. आमच्या ओळखीच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं त्या वर्षीं ताजला मतें दिलीं होतीं. ताज बागेच्या मधोमध आहे कीं एका टोकाला, असें त्यांना विचारलें असतां बहुतेकांनीं मधोमध असें ठासून सांगितलें. दिल्लीची हुमायूनची कबर बागेच्या मध्यभागीं आहे. ताज मात्र बाग संपते तेथें, यमुनेच्या कांठावर उभा आहे. त्यामुळें त्याच्या पाठीशीं आकाशाखेरीज कांहीं येत नाहीं, आणि तो जमिनीला टेकला आहे कीं नाहीं असा जो भास होतो त्याचें बरेंचसें रहस्य या एका निर्णयांत आहे. ज्याला हें ठाऊक नाहीं त्याचें ताजवर प्रेम नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. तें प्रेम एका चित्रावर आहे, इतकेंच.

बरें, त्या मतांचा ताजला काय उपयोग झाला? या मोहिमेशीं आपला संबंध नाहीं आणि तिच्या योगानें वास्तूंच्या जतनास म्हणण्यासारखें साहाय्य होणार नाहीं, असें युनेस्कोनें निकालापूर्वींच जाहीर केलें होतें. ताजचा संगमरवर काळवंडूं लागला होता तो मतांनीं उजळला नाहीं. त्यासाठीं एम. सी. मेहता या वकिलांनीं सन १९८४ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. तो खटला बारा वर्षें चालला. आणि ३० डिसेंबर १९९६ च्या निकालानें आग्रा परिसरांतील २९२ कारखान्यांनीं कोळसा सोडून वायूवर चालावें किंवा तेथून उठावें, असा हुकूम झाला. त्यांत ओतशाळा होत्या, आणि ओतशाळांवर पोट भरणारे मजूर होते. त्या मजुरांच्या नुकसानभरपाईचाहि विचार न्यायालयाला करावा लागला. संगमरवराचा पांढरेपणा आणि मजुराची भाकरी यांना एकाच तागडींत घालणें किती अवघड असतें, हें त्या निकालावरून कळतें. मतदारावर मात्र ही पाळी आली नाहीं. आणि विजयाला अकरा वर्षें झालीं तेव्हां, सन २०१८ मध्यें, ताजच्या हेळसांडीबद्दल त्याच न्यायालयाला सरकारचे कान उपटावे लागले.

लोकशाहीचा कैवारी यावर विचारील कीं, लोकांनीं ठरवावयाचें नाहीं तर कोणीं? त्याला आम्ही उलट विचारूं, लोक म्हणजे कोण? चेस्टर्टनच्या मतें परंपरा म्हणजे पूर्वजांना दिलेला मताधिकार. केवळ मेले म्हणून त्यांचीं नांवें यादींतून गाळूं नयेत. त्याच्या शंभरांवर वर्षें आधीं, सन १७९० मध्यें, बर्कनें समाज ही जिवंत, मृत आणि अजून न जन्मलेले यांची भागीदारी आहे असें प्रतिपादिलें. रस्किन तर याहूनहि कडक. जुन्या इमारती आपल्या नव्हेतच. कांहीं अंशीं त्या बांधणाऱ्यांच्या आणि कांहीं अंशीं पुढें येणाऱ्यांच्या, असें त्याचें म्हणणें. हे तिघेहि आपापल्या परीनें एककल्ली होते, आणि बर्कच्या भागीदारींत गरिबाचा वांटा किती, असा प्रश्न आम्हांस नेहमींच पडत आला आहे. तथापि एवढें खरें कीं, हयात असलेल्यांचें बहुमत हें या बाबतींत फार तर विश्वस्ताचें बहुमत आहे, मालकाचें नव्हे.

त्याच २००७ च्या स्पर्धेंत माली देशांतील टिंबक्टू हें एक उमेदवार होतें. तें हरलें. वाळवंटाच्या कडेच्या त्या दरिद्री गांवाकडे टेलिफोन किती आणि मतें तीं किती! पुढें पांच वर्षांनीं, सन २०१२ मध्यें, सशस्त्र टोळ्यांनीं तेथील सत्पुरुषांच्या मातीच्या समाध्या कुदळींनीं फोडल्या. त्याबद्दल हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानें सन २०१६ मध्यें एका आरोपीला ९ वर्षांची शिक्षा दिली. वास्तूंचा विध्वंस हा युद्धगुन्हा ठरला. तोंवर स्थानिक गवंड्यांनीं त्या समाध्या पुनः उभारल्याहि होत्या. टिंबक्टूला किती मतें पडलीं होतीं, हें त्या न्यायाधीशांना विचारावेंसें वाटलें नसणार.

परंतु सर्वच स्पर्धा एका माळेचे मणि नव्हेत. इंग्लंडांत बी. बी. सी. नें सन २००३ मध्यें ‘रिस्टोरेशन’ नांवाचा कार्यक्रम केला. मोडकळीस आलेल्या तीस इमारती प्रेक्षकांना एकेक करून दाखविल्या, प्रत्येकीची कथा व व्यथा सांगितली, आणि कोणती वांचवावी हें टेलिफोनच्या मतांनीं ठरविलें. येथें प्रश्न श्रेष्ठत्वाचा नव्हता, कर्तव्याचा होता. हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. मँचेस्टरचें व्हिक्टोरिया बाथ्स हें १९०६ सालचें सार्वजनिक स्नानगृह विजयी झालें आणि त्याला सुमारें ३४ लाख पौंड मिळाले. रंगीत कांचा व चकचकीत फरशा यांनीं मढविलेल्या या जलमंदिरांत पहिल्या वर्गाचे पुरुष, दुसऱ्या वर्गाचे पुरुष आणि स्त्रिया यांसाठीं तीन निरनिराळे तलाव होते, आणि विहिरीचें पाणी याच क्रमानें एका तलावांतून दुसऱ्यांत वापरलें जाई. समाजशास्त्राचा एक संबंध ग्रंथ त्या नळांतून वाहत होता! पुढील फेऱ्यांत, सन २००४ मध्यें किंग्ज नॉर्टन येथील जुनी शाळा व तिच्या शेजारची इमारत, आणि सन २००६ मध्यें चाकें करणाऱ्या सुताराची व लोहाराची कामशाळा, अशीं निवड झाली. स्नानगृह, शाळा, लोहारशाळा. सरदारांचा वाडा एकहि नाहीं. पंडितांच्या हातीं निवड असती तर ती अशीच झाली असती, असें आम्ही छातीवर हात ठेवून सांगूं शकत नाहीं. हें लोकमताचें श्रेय आहे आणि तें त्याच्या पदरांत घातलें पाहिजे.

मात्र पहिल्या वर्षीं एक जिंकली म्हणजे एकोणतीस हरल्या. भुकेल्यांच्या पंक्तींत एकच ताट वाढावयाचें आणि तें कोणाला द्यावें यावर टाळ्या घ्यावयाच्या, यांत करमणूक असेल, न्याय नाहीं. त्यांतूनहि मिळालेला पैसा मँचेस्टरच्या स्नानगृहाच्या पुऱ्या जीर्णोद्धाराला पुरला नाहींच.

आतां स्पर्धेचा तिसरा एक प्रकार पाहूं. मालींतच जेन्ने नांवाच्या गांवीं मातीची एक भव्य मशीद आहे. तिची हल्लींची इमारत १९०७ ची. पावसानें झिजणाऱ्या त्या भिंतींना दरवर्षीं सारा गांव मिळून लिंपण घालतो, आणि भिंतीपाशीं माती आधीं कोणाची पोंचते याविषयीं गल्ल्यागल्ल्यांची चढाओढ लागते. तेथें मत देणाऱ्याचे हात मातीनें भरलेले असतात.

आपल्याकडे याच्या जवळची वस्तु शोधूं गेल्यास ती दिवाळींत अंगणांत सांपडते. दगड, विटा, चिखल आणि पोतीं घेऊन मुलें किल्ला करतात, उतारांवर अळीव नाहीं तर मोहरी पेरतात, शिखरावर महाराजांना बसवितात आणि वाटांवर मावळे उभे करतात. या किल्ल्यांच्या स्पर्धा आतां गांवोगांव होतात. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें, त्यांत अकरा महाराष्ट्रांतले व एक तामिळनाडूंतला जिंजी. त्या आनंदांत या स्पर्धांना नवें भरतें आलें तर आम्हांस संतोषच होईल. पण बाजारांत आतां साच्यांतून काढलेले, रंगविलेले तयार किल्लेहि विकत मिळतात. खिडकीशीं ठेवला कीं झालें. तयार किल्ला आणि टेलिफोनवरचें मत यांची जात एकच, असें आमचें मत आहे. दोहोंतहि दाम पडतो आणि नखाला माती लागत नाहीं.

परीक्षक म्हणून अशा ठिकाणीं जाणाऱ्यांना आमची एक सूचना आहे. किल्ला किती उंच, दिवे किती, मावळे किती, हें मोजण्यापूर्वीं त्यांनीं मुलांना विचारावें कीं, या गडावर पाणी कोठें आहे? रायगडावर गंगासागर आहे, राजगडावर पद्मावतीचें तळें आहे, आणि लहानसहान गडांवरहि खडकांत खोदलेलीं टाकीं असतात. एखादें पोर उत्तरादाखल चिखलांत पुरलेली वाटी दाखवील. त्या वाटींत पाणी असेल तर त्याला दोन गुण अधिक द्यावेत.