चहाचें चांगलेपण

‘चांगला’ हा शब्द आपण दिवसांतून किती वेळां उच्चारितों याची मोजदाद कोणी ठेवीत नाहीं. चांगला माणूस, चांगलें पुस्तक, चांगला पाऊस, चांगला चहा. चारहि ठिकाणीं शब्द एकच. परंतु अर्थहि एकच आहे काय? नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झालेली आहे. पण ती बहुधा चांगल्या माणसास धरून होते. तोच प्रश्न एका लहान व रोजच्या वस्तूस धरून विचारण्याचें आम्हीं आज योजिलें आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु क्षुल्लक गोष्टींविषयींचीं आपलीं मतें आपण कधीं तपासून पाहिलेलीं नसतात, आणि म्हणूनच त्यांत आपला स्वभाव अधिक स्पष्ट दिसतो.

ह्या विचारास निमित्त झालें तें भांडुप. ह्या उपनगराची ख्याति चहासाठीं नाहीं. मुंबईहून ठाणें, कल्याण व पुढें घाटांपर्यंत लोहमार्ग न्यावा ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क यांस १८४३ सालीं भांडुपच्या एका भेटींत प्रथम सुचली, असें रेल्वेच्या इतिहासांत सांगतात. आणि १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली पहिली गाडी ह्याच गांवावरून गेली. पूर्वेस मिठागरें व खाडी, पश्चिमेस डोंगर, मध्यें लोहमार्ग आणि जुना आग्रा रस्ता. त्या रस्त्यास आज लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात. विसाव्या शतकांत त्याच्या कडेनें कारखाने उभे राहिले, आणि कारखान्यांमागून डोंगराच्या उतारावर कामकऱ्यांची वस्ती चढत गेली. आतां पुष्कळ कारखान्यांच्या जागीं उंच इमारती आल्या आहेत. त्यामुळें चहाचीं जितकीं रूपें मुंबईंत आहेत तितकीं बहुतेक येथें एका तासाच्या पायपिटींत भेटतात: स्टेशनाबाहेरची टपरी, उडप्याचें हॉटेल, ‘अमृततुल्य’ अशी पाटी लावलेलें नवें दुकान, आणि जेथील एका पेल्याच्या किंमतींत टपरीवर घरांतील सर्व माणसांचा चहा व्हावा असा वातानुकूलित कॅफे. गेल्या पावसाळ्यांत कांहीं रविवारीं आम्ही आपल्या दोन स्नेह्यांसह चांगल्या चहाच्या शोधांत ह्या सर्व ठिकाणीं हिंडलों. आमचें तिघांचें एकमत एकदांच झालें. त्याची हकीकत पुढें येईल.

प्रथम एका गोष्टीचें नवल वाटलें. ह्या सर्व दुकानांचें पाणी एकच. मुंबईस मिळणाऱ्या पाण्याचा फार मोठा हिस्सा भांडुपच्याच जलशुद्धीकरण संकुलांत शुद्ध होतो. तेव्हां मुंबईच्या बहुतेक चहाचा उगम भांडुपास आहे असें विनोदानें म्हणतां येईल. भुकटीहि बहुधा एकाच जातीची. १९३० च्या सुमारास आसामांत निघालेल्या यंत्ररीतीनें पान चिरडून, फाडून, वळवून केलेली, दाणेदार, लवकर रंग सोडणारी आणि दुधापुढें न नमणारी. दूधहि सर्वत्र पिशवीचें. असें असतां एकीकडचा चहा घशाखालीं उतरतांना समाधान देतो, व दुसरीकडचा जिभेवर केवळ तुरटपणा ठेवून जातो, हें कां? पाकशास्त्र याचें उत्तर देतें. भुकटी फार वेळ उकळली कीं तिच्यांतील तुरट द्रव्यें अधिक उतरतात. दुधांतील प्रथिनें तीं बांधून ठेवतात, पण कांहीं मर्यादेपर्यंतच. आलें आधीं पाण्यांत उकळून घेतलें तर दूध फाटण्याचें भय कमी. सकाळपासून पातेल्यांत राहिलेला व पुन्हां पुन्हां तापविलेला चहा वेलदोड्यानें झांकला जात नाहीं. म्हणजे चांगलेपणाचा एक भाग तरी वस्तूंतच आहे. तो पिणाराच्या लहरीवर अवलंबून नाहीं.

ह्यूम या तत्त्ववेत्त्यानें १७५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या रुचिविषयक निबंधांत ‘डॉन किहोटे’ या कादंबरींतील एक गोष्ट घेतली आहे. सँको पांझाच्या दोन आप्तांस एका पिंपांतील मद्याची पारख करण्यास सांगितलें. एक म्हणाला, मद्य उत्तम, पण किंचित् चामड्याची चव येते. दुसरा म्हणाला, उत्तम खरें, पण किंचित् लोखंडाची. लोक दोघांनाहि हंसले. पुढें पिंप रिकामें झालें तेव्हां तळाशीं चामड्याच्या वादीस बांधलेली एक जुनी किल्ली सांपडली. ह्यूमचें म्हणणें असें कीं, सूक्ष्म रुचि ही कल्पना नव्हे; तिला वस्तूंत आधार असतो, मग तो सर्वांस जाणवो अथवा न जाणवो.

हें आम्हांस मान्य आहे. पण एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. आठव्या शतकांत चहावर पहिला मोठा ग्रंथ लिहिणारा चिनी पंडित लू यू याची जीभ अर्थातच सूक्ष्म होती. डोंगरांतील झऱ्याचें पाणी उत्तम, नदीचें मध्यम, विहिरीचें कनिष्ठ, अशी त्यानें प्रतवारी लावली. आणि आलें, पुदिना वगैरे घालून उकळलेल्या चहास त्यानें सरळ गटारांतील पाण्याची उपमा दिली! आमच्या घरोघरच्या आल्याच्या चहाविषयीं हा निकाल. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यानें १९४६ च्या जानेवारींत एका वृत्तपत्रांत चांगल्या चहाचे अकरा नियम सांगितले. त्यांत साखर वर्ज्य, आणि दूध मागाहून. भांडुपांतील एकहि टपरी ह्या दोघांच्या परीक्षेंत उतरणार नाहीं. मग ह्या टपऱ्यांवर रोज सकाळीं उभे असलेले शेंकडों लोक काय रुचिहीन समजावे?

तसें समजणें चुकीचें होईल. कारण वस्तूचें चांगलेपण ती कोणत्या कामासाठीं आहे यावरहि ठरतें. कोयता चांगला कीं वाईट हें नारळ पुढें ठेवल्यावांचून सांगतां येत नाहीं. पहांटेची पाळी संपवून आलेल्या मनुष्यास ‘कटिंग’ हवा असतो तो चहाच्या पानाची सुगंधपरीक्षा करण्यासाठीं नव्हे. त्यास अर्धा पेला पुरतो, कारण खिशास तो परवडतो. तो गरम, गोड व जाड लागतो, कारण जेवणास अजून अवकाश असतो. आणि त्याबरोबर पांच मिनिटें उभें राहण्याचा हक्क मिळतो, ज्यांत कोणी त्याला काम सांगत नाहीं. हीं पांच मिनिटेंहि त्या चहाचाच भाग आहेत. कॅफेंतील चहांत पानाचा सुवास अधिक शुद्ध होता हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. परंतु तेथें बसण्याची किंमत दिलेल्या माणसासच विश्रांति मिळते. टपरी ती अर्ध्या पेल्यांत देते.

येथवर विचार सोपा आहे. आतां आमच्या एकमताची हकीकत. एका दुकानाचा चहा, ज्याचें नांव व ठिकाण आम्ही सांगत नाहीं, आम्हां तिघांसहि निर्विवाद उत्तम वाटला. आलें बेताचें, दूध पुरेसें, साखर जिभेवर न राहणारी. पेले घेऊन आला तो दहाअकरा वर्षांचा एक मुलगा. मालकास विचारलें तेव्हां तो म्हणाला, “पुतण्या आहे साहेब, आज रविवार, शाळेला सुट्टी, म्हणून हात लावतो.” उत्तर अशक्य नव्हतें. हॉटेलें, धाबे व चहाची दुकानें यांत चौदा वर्षांखालील मुलांस कामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी झाली; पण घरच्या धंद्यांत शाळेची वेळ सोडून मुलानें मदत करण्यास २०१६ च्या दुरुस्तीनें मुभा ठेविली आहे. पुढें एका बुधवारीं सकाळीं अकरा वाजतां आम्ही तेथें गेलों. मुलगा होता. पेले धुवून त्याच्या बोटांचीं टोकें पांढरीं पडलीं होतीं. आमच्या एका स्नेह्यांनीं १०९८ या बालसहाय्यतेच्या क्रमांकावर कळविलें, व आम्ही तेथें जाणें सोडलें.

परंतु येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. बुधवारचा चहाहि आम्हांस रविवारच्या इतकाच रुचकर लागला. जिभेनें कसलीहि तक्रार केली नाहीं. ह्यूमच्या पिंपांतील किल्लीची चव निदान दोन माणसांस तरी लागली होती. आमच्या पेल्याच्या तळाशीं जी किल्ली होती तिची चव कोणत्याहि सूक्ष्म जिभेस लागणारी नव्हती. यावरून पूर्वपक्ष असा निघतो: रुचि ही रुचि, नीति ही नीति, चहा चांगला होता, दुकानदार वाईट होता, दोन प्रश्नांची गल्लत करूं नये.

आणि पूर्वपक्षाच्या हातांत याहून धारदार शस्त्र आहे. तो म्हणेल, चहा सोडून तो देणारा हात पाहण्याची संवय आपल्या समाजास जुनीच आहे, आणि तिनें काय केलें तें आठवा. ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळीस चहा देण्यांत आला. त्या मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, टिळकहि होते. नांवें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालीं, ग्रामण्य उभें राहिलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि १८९२ सालीं रानड्यांसारख्या पुरुषास प्रायश्चित्त घ्यावें लागलें. त्या वादाचा विषय चहाची रुचि हा नव्हता. तो कोणाच्या हातचा, हा होता. मग तुम्ही मुलाचा हात पाहून चहा टाकला, यांत व त्या ग्रामण्यांत अंतर काय?

ह्या आक्षेपास आम्ही फार मान देतों. कारण ‘चहा चहासारखा प्यावा, हात पाहूं नये’ हें वाक्य एकेकाळीं सुधारणेचें वाक्य होतें. परंतु उत्तर आहे. दोन्ही ठिकाणीं दृष्टि हाताकडे जाते खरी. पण ती विचारते काय हें भिन्न आहे. ग्रामण्य विचारीत होतें: ह्या हातानें माझें काय बिघडेल? आमचा प्रश्न असा: माझ्या पेल्यानें ह्या हाताचें काय बिघडतें? पहिल्या प्रश्नांत दुसरा मनुष्य हा विटाळाचा उगम आहे, व रक्षण करावयाचें तें स्वतःचें. दुसऱ्यांत रक्षण करावयाचें तें त्याचें, आणि संशय घ्यावयाचा तो स्वतःच्या सुखाचा. दृष्टि एकच, दिशा उलट. नीतीचा पुष्कळसा भाग ह्या दिशेंत सांठविलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

याचें उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासांत, आणि तेंहि एका चहाच्या दुकानाचें आहे. कोल्हापूरच्या राजवाड्याच्या पागेंत गंगाराम कांबळे नांवाचे एक अस्पृश्य गणलेल्या जातीचे नोकर होते. पाण्याच्या हौदास शिवल्याबद्दल वरिष्ठ जातीच्या नोकरांनीं त्यांस मारलें. शाहू महाराजांनीं त्यांस चाकरींतून मोकळें करून स्वतंत्र धंदा करण्यास साहाय्य दिलें, आणि त्यांनीं चहाचें हॉटेल काढलें. त्याचें नांव ‘सत्यसुधारक’. गिऱ्हाईक येईना, कारण उघड होतें. तेव्हां महाराज आपली गाडी तेथें थांबवीत, स्वतः चहा घेत, आणि बरोबरच्या प्रतिष्ठित मंडळीसहि घ्यावयास लावीत. महाराजांनींहि हात पाहिला होता. नव्हे, हात पाहूनच ते तेथें थांबत. पण तो पाहण्यांत स्वतःच्या शुद्धीची चिंता नव्हती.

तथापि आमच्या मतें ह्या गोष्टीचा शेवट येथें होत नाहीं. राजा ज्या दुकानीं मुद्दाम चहा घेतो तेथें समता अजून यावयाची आहे. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या संविधानाच्या पंधराव्या कलमांत दुकानें व सार्वजनिक उपाहारगृहें यांचा स्पष्ट उल्लेख आहे. राष्ट्राच्या मूलभूत हक्कांच्या यादींत उपाहारगृहास स्थान मिळावें याचें परक्यास नवल वाटेल, आपणांस वाटूं नये. परंतु कायद्यानें दार उघडतें. त्यापुढचा टप्पा असा कीं, गिऱ्हाइकानें पेला खालीं ठेवून “आज चहा बिघडला बुवा” असें निर्धास्तपणें म्हणावें, आणि दुकानदारास त्यांत आपल्या कुळाचा अपमान दिसूं नये. दयेनें वाखाणलेला चहा हाहि एक प्रकारें वेगळ्या ठेवलेल्या कपांतलाच चहा होय. रुचीस आपलें खरें मत बोलण्याचा हक्क तेव्हांच येतो, जेव्हां देणारा व घेणारा यांत दुसरा कोणताहि हिशेब थकलेला नसतो.

तेव्हां पूर्वपक्षाचें अर्धें म्हणणें आम्ही स्वीकारितों. रुचि व नीति या दोन गोष्टी आहेत; न्यायानें चहा गोड होत नाहीं, आणि अन्यायानें तो कडू होत नाहीं. पण जो शोध करावयास निघतो तो जिभेसच काय तो घेऊन निघत नाहीं. डोळे, स्मृति व मन हीं त्याच्याबरोबर असतात, आणि त्यांस दुकानाबाहेर उभें करून ठेवतां येत नाहीं. अशा सबंध मनुष्यास जो चहा चांगला वाटेल त्यांत तीन गोष्टी पुऱ्या झालेल्या असतील: करणाराचें कसब, पिणाराची गरज, आणि ज्या हातांतून तो आला त्या हाताचें कुशल. पहिल्या दोहोंचा निर्णय जीभ व शरीर करितात. तिसऱ्याविषयीं तीं मुकीं आहेत, म्हणून तो प्रश्न आपण होऊन विचारावा लागतो, आणि एकदां विचारून भागत नाहीं. भांडुपांत असे चहा नाहींत असें नाहीं. स्टेशनाजवळच्या एका टपरीवर नवराबायको दोघें उभीं राहून चहा करितात. तो आमच्या त्या एकमताच्या चहाहून किंचित् अधिक गोड असतो. तो अधिक गोड आहे हें आम्हीं त्यांस सांगितलें. बाई हंसल्या व म्हणाल्या, “इथं असाच चालतो.” आम्ही अजून तेथेंच जातों.