वारा पडतो तेव्हा



हवाईमधील माउई बेटाच्या समुद्रावर २०२४ सालापासून ‘पॅराविंग’चा नवा खेळ रुजला आहे. हातात दोरांचा छोटा कापडी पंख, पायाखाली फळी आणि फळीखाली पाण्यात पात्यासारखा ‘फॉइल’. वेग आला की फॉइल फळीला पाण्याच्या वर उचलतो. मग खेळाडू पंख मिटून हातात घेतो आणि लाटेच्या जोरावर पुढे जातो.

वारा लहरी असला की खरी कसोटी. झोत आला तर पुढचे दोर ओढून पंखाचा जोर कमी करायचा. वारा पडला तर धीराने लाट धरायची. हे सरावानेच जमते. पण ती लाट उठवली कोणी? आधी वाहून गेलेल्या वाऱ्यानेच!

आपल्या प्रार्थनेतही वारा पडतो. घरात आजारपण येते, जवळचे माणूस जाते. जपमाळ हातात, पण मन कोरडे. तेव्हा देव सोडून गेला असे समजू नका. बाप्तिस्म्यापासून लाभलेली कृपा लाटेसारखी आपल्याला नेतच असते. वाऱ्याला भिऊन पेत्र बुडू लागला, तेव्हाही प्रभूचा हात जवळच होता (मत्तय १४:३०-३१).

या आठवड्यात मन लागो वा न लागो, रोज प्रार्थनेला बसू या. आमेन.